पुढची साईट की बुल? छप्पन्नाव्या वर्षी पिस्तुलासाठी चष्मा ठरवताना

वय ५६, बँकेतून निवृत्त, खेळ १० मीटर एअर पिस्तूल, उजवा हात आणि उजवाच डोळा. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल हाताळलेली. पुढे नोकरी आणि संसारात सगळं मागे पडलं, ते पन्नाशीनंतर पुन्हा रेंजवर आले आणि आता मास्टर्स गटात नेमाने स्पर्धा खेळतात. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. इथे त्यांना काका म्हणते. दवाखान्यातही तेच म्हणते.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चाळिशी लागलेले नेमबाज माझ्याकडे अधूनमधून येतात आणि जवळपास प्रत्येकाची सुरुवात एकाच वाक्याने होते: "नंबर वाढलाय बहुतेक." काकांचीही तशीच झाली. प्रकरण सविस्तर लिहिते आहे कारण त्यांचा नंबर वाढलेला नव्हता. त्यांचा रोजचा चष्मा अगदी बरोबर होता, पण तो पिस्तुलासाठी केलेलाच नव्हता.

तक्रार त्यांच्या शब्दांत अशी: "मॅडम, बुल लख्ख दिसतो. पण फ्रंट साईटच्या कडा केसाळ दिसतात. पहिल्या दोन सीरिज बऱ्या जातात. चौथीपासून साईट दोन-दोन दिसायला लागते आणि मान भरून येते." (बुल म्हणजे टार्गेटच्या मधला काळा गोल. फ्रंट साईट म्हणजे नळीच्या टोकाजवळची नेम धरायची पट्टी; ती मागच्या साईटच्या खाचेत मधोमध बसवायची. एक सीरिज दहा शॉट्सची.) ६० शॉट्सच्या सामन्यात पूर्वी ते ६०० पैकी ५५०च्या आसपास जायचे, आता ५३५ला अडकले होते. इलेक्ट्रॉनिक टार्गेटचे प्रिंटआउट सोबत आणले होते, आणि ते पाहून मला बरंच कळलं. पहिल्या दोन सीरिजचे ग्रुप, म्हणजे शॉट्सचे पुंजके, गोलसर होते. शेवटच्या दोन सीरिजमध्ये तेच ग्रुप उभे ताणले गेले होते. डावी-उजवीकडची पसरण फारशी वाढलेली नव्हती. ट्रिगर झटकला जात असता तर शॉट्स एका बाजूला सरकले असते. इथे काहीतरी वर-खाली होत होतं, तेही थकल्यावर.

त्यांच्या उजव्या डोळ्याचा लांबचा नंबर उणे १.२५, सिलिंडर उणे ०.७५, अक्ष ९०. वाचायला अधिक २.००. सिलिंडर म्हणजे एकाच डोळ्याचा आडव्या आणि उभ्या दिशेचा नंबर वेगळा असणं, आणि अक्ष म्हणजे त्याची दिशा. चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर; चांगल्या प्रतीचा. रोजच्या कामाला, गाडी चालवायला, मोबाईल बघायला त्यांची काही तक्रार नव्हती.

त्यांनी स्वतःच बरेच उपाय करून पाहिले होते. वाचायचा जुना चष्मा लावला, तर मागची साईट छान दिसली, पण बुल गायब. मग चष्मा काढूनच खेळून पाहिलं. "चष्म्याशिवाय साईट बरी दिसते, हे कसं?" असं त्यांनी जरा चक्रावून विचारलं. त्यात चक्रावण्यासारखं काही नाही. उणे १.२५ म्हणजे चष्म्याविना त्यांचा डोळा ८० सेंटिमीटरच्या आसपास आपोआप स्थिरावतो, आणि पुढची साईट तिथून फार लांब नाही. पण सिलिंडरमुळे आडव्या दिशेला त्यांचा नंबर उणे २.०० होतो, आणि उभ्या कडा त्यामुळेच जास्त पुसट होतात. फ्रंट साईटच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या प्रकाशाच्या फटी म्हणजे उभ्या कडाच. वय वाढलं की सिलिंडरचा अक्ष ९०च्या जवळ सरकण्याचा कल असतो. त्यामुळे पन्नाशीनंतरच्या पिस्तूल नेमबाजाने "थोडंसं सिलिंडर आहे, चालतंय" असं म्हणून ते सोडून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

चष्म्याच्या आधी डोळा

चष्म्याकडे वळण्यापूर्वी पूर्ण तपासणी झाली. चष्म्यासह दोन्ही डोळ्यांची नजर ६/६, डोळ्याचा दाब ठीक, पडदा ठीक. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची अगदी सुरुवात होती; भिंगाला किंचित पिवळसर झाक, एवढंच. अश्रूंचा थर मात्र लवकर तुटत होता. एकटक बघताना माणूस पापणी मिटायची विसरतो, आणि वातानुकूलित हॉलमध्ये तासभर हेच चाललं की डोळा कोरडा पडतो. साईट दोन-दोन दिसण्यात याचाही वाटा असतो. साखरेचं विचारलं, नियंत्रणात होती. साखर वर-खाली होत असेल तर नंबरही हलतो, आणि अशा वेळी महागडी काच करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

ही पायरी टाळून थेट नेमबाजीची फ्रेम मागवणारे लोक भेटतात. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर कुठलीही फ्रेम कामाची नाही. आधी डोळा बघून घ्या.

एक मिलिमीटर आणि तीस मिलिमीटर

आता मूळ प्रश्न. पिस्तूल हातात धरल्यावर तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात: मागची साईट, पुढची साईट आणि टार्गेट. तरुण डोळा यांच्यामध्ये झरझर फिरतो, म्हणून तिन्ही एकदम दिसतात असा त्याला भास होतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठरतं आणि ही ये-जा मंदावते. पंचावन्नच्या पुढे बहुतेकांकडे जवळचं स्पष्ट करायची एक-दीड डायऑप्टरची ताकद उरलेली असते (चष्म्याचा नंबर मोजतात ते डायऑप्टरमध्येच), आणि त्यातली जेमतेम अर्धी सलग वापरता येते. म्हणजे एकच गोष्ट निवडावी लागते. कुठली?

काका म्हणत होते बुल. त्यांच्या प्रोग्रेसिव्हनेही तेच ठरवलं होतं. मी कागद घेऊन हिशोब मांडला. त्यांच्या पिस्तुलावर दोन साईट्समधलं अंतर साधारण ३४ सेंटिमीटर. पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटर वाकडी बसली, तर १० मीटरवर शॉट सुमारे ३० मिलिमीटर सरकतो. याउलट साईट्स बरोबर जुळलेल्या असतील आणि हात टार्गेटवर एक मिलिमीटर हलला, तर शॉटही एकच मिलिमीटर हलतो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर १०ची रिंग ११.५ मिलिमीटर व्यासाची, आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटरने बाहेर. जुळणीत पाव मिलिमीटरची चूक झाली की जवळजवळ एक रिंग गेली. पाव मिलिमीटर ओळखायचा तर पुढच्या साईटची कड धारदार दिसलीच पाहिजे. बुल धूसर दिसला तरी त्याचा मध्य डोळ्याला सापडतो, कारण गोल आकाराची धूसरता चारी बाजूंनी सारखीच असते.

हे काकांना नवीन नव्हतं. "फ्रंट साईट बघ" हे प्रशिक्षकांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आजही सांगतात. पण डोळा जिकडे चष्मा नेईल तिकडेच जाणार. प्रोग्रेसिव्हचा वरचा भाग लांबचा असतो, आणि सरळ मानेने पिस्तुलावर बघताना नजर तिथूनच जाते. पुढच्या साईटला लागणारा मधला नंबर खाली, अरुंद पट्ट्यात. तो पकडायला हनुवटी उचलावी लागते. काका नकळत तेच करत होते. थकल्यावर हनुवटी कधी जास्त उचलली जाई, कधी कमी, आणि प्रत्येक शॉटला साईटची कड वेगळी दिसे. उभे ताणलेले ग्रुप आणि भरून आलेली मान, दोन्हींचं मूळ एकच होतं.

रेंजवरचं मोजमाप

पुढची साईट डोळ्यापासून नक्की किती लांब आहे, हे दवाखान्यात कळत नाही. प्रत्येकाच्या हाताची लांबी वेगळी, पिस्तूल वेगळं, उभं राहायची ढबही वेगळी. म्हणून मी पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर गेले. रेंज ऑफिसरची परवानगी घेतली, पिस्तूल रिकामं, नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग. काका फायरिंग लाईनवर नेहमीच्या पवित्र्यात उभे राहिले आणि मी बाजूने टेप धरली. डोळ्याच्या कोपऱ्यापासून पुढच्या साईटपर्यंत ९५ सेंटिमीटर.

मीटरमधलं अंतर उलटं केलं की डायऑप्टर मिळतात. ९५ सेंटिमीटर म्हणजे १.०५, मागची साईट ६१ सेंटिमीटरवर म्हणजे सुमारे १.६५, आणि १० मीटर म्हणजे जेमतेम ०.१०. लांबच्या नंबरात १.०५ मिळवले, तर पुढची साईट काहीही जोर न लावता स्वच्छ दिसेल, पण बुल एका डायऑप्टरने धूसर होईल. काहीच मिळवलं नाही तर उलटं. मधला बिंदू ०.५८ येतो. म्हणून पिस्तुलासाठी लांबच्या नंबरात अधिक ०.५० किंवा ०.७५ मिळवायची पद्धत रूढ आहे. अधिक ०.५०ने नजर दोन मीटरवर बसते, अधिक ०.७५ने सव्वा मीटरच्या थोडी पुढे.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. काका पिस्तूल उचलून निशाणा धरून उभे असताना, त्यांच्या रोजच्या चष्म्यावर नजर जिथून जाते तिथे मार्करने ठिपका मारला. शरीर टार्गेटला जवळजवळ काटकोनात, मान उजवीकडे वळलेली. ठिपका काचेच्या मध्यावर आलाच नाही. तो नाकाच्या बाजूला सहा मिलिमीटर आणि वर चार मिलिमीटर होता. म्हणजे नजर काचेच्या मध्यातून जात नव्हती, आणि काच नजरेला तिरकीही होती. तिरक्या काचेतून बघितलं की नसलेलं सिलिंडर तयार होतं, आणि प्रोग्रेसिव्हमध्ये तर कडेला आधीच विकृती असते. काकांनी तो ठिपका पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे मी आजवर काचेच्या कोपऱ्यातूनच बघत आलो." तोवर मी सांगितलेलं त्यांना पटलं होतं, पण चष्म्यावरचा तो काळा ठिपका बघितल्यावर ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

अर्धा, पाऊण की एक

ट्रायल फ्रेममध्ये लांबचा नंबर घालून त्यावर तीन काचा आळीपाळीने लावल्या: अधिक ०.५०, ०.७५ आणि १.००. काच कोणती आहे ते काकांना सांगितलं नाही. प्रत्येकीबरोबर त्यांनी आधी नुसता होल्ड धरला, म्हणजे नेम धरून स्थिर राहिले, मग ड्राय फायर केलं, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबला, मग शॉट्स मारले.

१.००ने साईट अप्रतिम. "कोरल्यासारखी दिसतेय," म्हणाले. पण बुल राखाडी डाग झाला आणि त्याच्याखालची पांढरी पट्टी कुठे संपते ते कळेना. ०.५०ने पहिल्याच क्षणी ते खूश झाले, बुलही ठीक, साईटही ठीक. ०.७५ला त्यांनी नाक मुरडलं. बुल जरा पुसट आहे म्हणाले.

इथे घाई करायची नसते. पहिल्या दहा शॉट्सवर कोणीच नंबर ठरवू नये. एअर पिस्तुलाचा सामना ७५ मिनिटांचा असतो, त्याआधी सरावाची १५ मिनिटं. ०.५०च्या काचेने पुढची साईट स्वच्छ ठेवायला काकांना स्वतःच्या डोळ्यातून आणखी अर्धा डायऑप्टर जोर लावावा लागणार होता. ताज्या डोळ्याला ते जमतं. तास उलटल्यावर नाही. म्हणून दोन्ही काचांवर पूर्ण सामना खेळायला सांगितला, वेगवेगळ्या दिवशी. ०.५०वर चौथ्या सीरिजपासून जुनीच तक्रार परत आली, फक्त सौम्य. ०.७५वर शेवटची सीरिज पहिलीसारखीच गेली. वयाच्या पंचेचाळिशीत हेच काका आले असते तर मी ०.५० दिली असती. त्यामुळे कुणा मित्राचा नंबर ऐकून तोच करून घेऊ नये.

बुलच्या धूसरपणावर आमची बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. काकांचं म्हणणं साधं होतं: ज्यावर मारायचंय तेच नीट दिसत नाही तर विश्वास कसा बसणार? मी पुन्हा आकडे काढले. डोळ्याची बाहुली तीन मिलिमीटर धरली तर ०.७५च्या काचेने बुलची कड १० मीटरवर ढोबळमानाने दोन सेंटिमीटर पसरते. काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा, म्हणजे काका म्हणत होते ते खोटं नव्हतं. पण आधीच्या चष्म्याने, डोळा थकल्यावर, फ्रंट साईटची कड जवळजवळ तीन मिलिमीटर पसरत होती, आणि ती साईट स्वतःच साडेचार मिलिमीटर रुंद! नवीन काचेने हीच पसरण एका मिलिमीटरच्या आत येते, आणि डोळ्याने जरासा जोर लावला की उरतच नाही. कुठली धूसरता परवडते ते एवढ्यावरून ठरतं.

बुलची कड आणखी आवरायला आयरिस आहे. काचेपुढे बसवायचा हा लहानमोठा होणारा पडदा. छिद्र तीनवरून दीड मिलिमीटरवर आणलं की धूसरता निम्मी होते. मात्र प्रकाशही चौथाईवर येतो, आणि छिद्र एक मिलिमीटरच्या आत नेलं तर कडा उलट विरघळायला लागतात. सुरुवातीच्या मोतीबिंदूत तर काळोख अजिबात नको असतो. नियमाप्रमाणे १० मीटरच्या हॉलमध्ये टार्गेटवर किमान १५०० लक्स प्रकाश हवा. सगळ्याच रेंजवर तो मिळतो असं नाही. काकांना सांगितलं की आयरिस आधी पूर्ण उघडा ठेवायचा, मग बुलची कड सुसह्य होईपर्यंतच मिटायचा आणि तिथेच थांबायचं. साईटचा काळेपणा राखाडीकडे झुकला की जास्त मिटला.

प्रशिक्षकांनी याच सुमारास एक सुचवलं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. काका बुलच्या खालच्या कडेला लागून, बारीक पांढरी रेघ ठेवून निशाणा धरायचे. कड पुसट झाली की ती रेघ कधी जाड वाटते, कधी बारीक. प्रशिक्षकांनी निशाणा आणखी खाली, पांढऱ्या भागात नेला आणि तेवढे क्लिक मागच्या साईटला दिले, म्हणजे तिचा स्क्रू तेवढा फिरवला. आता पुढच्या साईटच्या वर पांढरा भाग भरपूर दिसतो आणि बुलच्या कडेवर काही अवलंबून राहत नाही. चष्मा आणि निशाण्याची जागा एकत्र ठरवायला हवी. एकटा ऑप्टोमेट्रिस्ट किंवा एकटा प्रशिक्षक हे नीट करू शकत नाही.

फ्रेम

"पण तुर्कीचे ते गृहस्थ तर साध्या चष्म्यावर खेळले!" हे काकांनी विचारलंच. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये युसूफ डिकेच ५१व्या वर्षी, साधा चष्मा लावून, मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक घेऊन गेले, आणि त्यांचा फोटो जगभर फिरला. त्याच ऑलिंपिकमधल्या कोरियाच्या किम येजी यांचा, डोळ्यापुढे यंत्रासारखी फ्रेम असलेला फोटोही तितकाच फिरला. त्यांनाही रौप्यच मिळालं. डिकेच यांच्या फोटोवरून विशेष चष्म्याची गरज नाही असा निष्कर्ष काढू नये. प्रत्येकाचा नंबर, डोळ्याची उरलेली ताकद आणि मान वळवण्याची ढब वेगळी असते. फोटोत काचेचा नंबर दिसत नाही. मला स्वतःला या विषयात जॉर्जियाच्या निनो सालुकवाद्झे यांचं नाव घ्यायला आवडतं. १९८८ला सोलमध्ये सुवर्ण, आणि २०२४ला पंचावन्नाव्या वर्षी दहावं ऑलिंपिक, तेही पिस्तुलातच. वय झालं म्हणून पिस्तूल खाली ठेवायची गरज नसते, हे काकांना सांगायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

नेमबाजीच्या खास फ्रेममध्ये एकच गोल काच असते, बहुधा ३७ मिलिमीटरची, आणि ती वर-खाली, आत-बाहेर सरकवता येते, तिरपी करता येते. नोब्लॉख, चॅम्पियन ही त्यातली जुनी नावं. मुख्य फायदा असा की मान कशीही वळवा, काच नजरेला काटकोनात बसवता येते आणि नजर बरोबर मध्यातून जाते. पण फ्रेम महाग असते आणि बहुधा बाहेरून मागवावी लागते. म्हणून आधी स्वस्तात खात्री करून घेतली. काकांच्या एका जुन्या फ्रेममध्ये उजवीकडे नवीन नंबरची साधी एकेरी काच बसवून घेतली, आणि तिचा मध्य त्या ठिपक्याच्या जागी ठेवायला सांगितला. डाव्या काचेवर दुधी टेपचा तुकडा. हा चष्मा त्यांनी काही आठवडे वापरला. ज्यांना फ्रेमचा खर्च झेपत नाही त्यांनी इथेच थांबायलाही हरकत नाही. ठिपक्याच्या जागी मध्य ठेवला की बरीचशी मजल याच चष्म्यात मारता येते. काकांचं सिलिंडर आणि मानेचा त्रास बघता मी फ्रेम घ्यायला सांगितलं.

फ्रेमच्या काचेची ऑर्डर अशी गेली: उणे ०.५०, सिलिंडर उणे ०.७५, अक्ष ९०, एकेरी नंबर, परावर्तन रोखणारं कोटिंग, रंग नाही. पिवळ्या काचेचा आग्रह अनेक जण धरतात. हॉलमधल्या दिव्यांत तिची गरज मला वाटत नाही, आणि मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या डोळ्याला जितका प्रकाश मिळेल तितका द्यावा.

गोल काचेची एक खोड आहे, ती इथे सांगायलाच हवी. पुसायला काढली की परत लावताना ती फिरते. सिलिंडर नसेल तर बिघडत नाही. असेल तर बिघडतं: काच १० अंश फिरली की सिलिंडरचा एक-तृतीयांश भाग दुरुस्त न होता उरतो. म्हणून काचेच्या कडेला आणि होल्डरवर, दोन्हीकडे बारीक खूण करून घेतली. मान वळवल्यावर डोकं किंचित कलतंही. त्यामुळे ही खूण टेबलावर करून चालत नाही. काका निशाणा धरून उभे असताना, साईटच्या दोन्ही बाजूंच्या फटी सर्वांत स्वच्छ दिसेपर्यंत काच हळूहळू फिरवली आणि मग खूण केली. ती ९०वर न येता चार-पाच अंश बाजूला आली.

डावा डोळा मिटायचा नाही. एक डोळा दाबून मिटला की दुसऱ्याच्या भोवतीचे स्नायूही आवळले जातात आणि ताण वाढतो. डाव्या डोळ्यापुढे पांढरट, प्रकाश येऊ देणारा पडदा लावला. काळा नको, कारण एका डोळ्यासमोर अंधार झाला की दुसऱ्याची बाहुलीही मोठी होते. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात हा पडदा ३० मिलिमीटरहून रुंद चालत नाही, आणि बाजूच्या झापडा ४० मिलिमीटरहून खोल चालत नाहीत. काच अंगावर, म्हणजे चष्म्यात हवी. पिस्तुलावर कुठलंही भिंग बसवता येत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी साहित्य तपासणीत अडकण्यापेक्षा हे आधीच मोजून घेतलेलं बरं.

पुढे काय झालं

फ्रेम बसवून घ्यायलाच एक सत्र गेलं. नाकाचे पॅड, काडीची लांबी, काचेचा कोन, सगळं निशाणा धरून. खुणा केल्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवले. कोरडेपणासाठी डॉक्टरांनी दिलेले थेंब सामन्याच्या बरेच आधी घालायचे, ऐन वेळी नाही, कारण थेंबांनी नजर थोडा वेळ तरळते. आणि प्रत्येक शॉटनंतर पिस्तूल टेबलावर टेकवल्यावर जाणीवपूर्वक पापण्या मिटायच्या आणि लांब कुठेतरी बघायचं.

मानेची तक्रार पहिल्यांदा गेली. हनुवटी उचलायचं कारणच उरलं नाही. गुण लगेच वाढले नाहीत, उलट सुरुवातीला थोडे उतरले, कारण डोळा सवयीने बुलकडे धावत होता. तो पुन्हा साईटवर आणायला प्रशिक्षकांनी त्यांना कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारायला लावलं. समोर बुलच नाही म्हटल्यावर डोळा साईटवर राहतो. हळूहळू गुण ५४५च्या पुढे गेले. मला त्याहून जास्त समाधान शेवटच्या दोन सीरिजच्या प्रिंटआउटचं वाटलं. ग्रुप गोल होते. काका म्हणाले, "बुल अजून पुसटच आहे हो. पण आता माझं तिकडे लक्ष नसतं."

एक अट त्यांना बजावून सांगितली आहे. हा चष्मा फक्त फायरिंग लाईनवर. लाईन सोडली की प्रोग्रेसिव्ह. नाहीतर लांबचं पुसट, जवळचं अर्धवट आणि डावा डोळा झाकलेला, अशा अवस्थेत पायऱ्या उतरणं धोक्याचं आहे.

दर सहा महिन्यांनी तपासणी ठरली आहे, कारण मोतीबिंदू सरकला की नंबर उणेकडे झुकू शकतो आणि फ्रेममधली काच तेवढी बदलावी लागेल. पुढे कधी शस्त्रक्रिया झाली तर डोळ्यात कुठलं भिंग बसवायचं याचा निर्णय आपण पिस्तूल खेळतो हे सर्जनला सांगूनच घ्यावा, असं मी त्यांच्या फाईलवर लिहून ठेवलं आहे. मल्टिफोकल, म्हणजे अनेक अंतरांसाठीच्या, भिंगात कॉन्ट्रास्ट कमी होतो, आणि काळ्या साईटची कड ओळखणं हा सगळा कॉन्ट्रास्टचाच खेळ. लांबवर बसवलेलं साधं मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचं, भिंग आणि रेंजवर अशीच एक काच, हा मला जास्त भरवशाचा मार्ग वाटतो. मात्र शस्त्रक्रियेनंतर डोळ्याची उरलीसुरली ताकदही जाते, तेव्हा ०.७५ पुरेल की १.०० लागेल हे पुन्हा रेंजवरच ठरवावं लागेल.

काकांनी आता २५ मीटरचं विचारलं आहे. टार्गेट १० मीटरऐवजी २५वर गेल्याने काचेत फरक पडत नाही, ०.१०चे ०.०४ डायऑप्टर झाले, एवढंच. फरक पडतो पिस्तुलामुळे. त्या प्रकारात दोन साईट्समधलं अंतर २२० मिलिमीटरहून जास्त चालत नाही, म्हणजे पुढची साईट डोळ्याच्या जवळ येणार. टेप पुन्हा धरावी लागेल. शिवाय तिथे काडतुसं आहेत. शेजारच्या लेनमधून रिकामी केस उडून येऊ शकते, म्हणून काच पॉलीकार्बोनेटची हवी आणि डाव्या डोळ्यापुढे नुसता पडदा न ठेवता तिथेही संरक्षक काच हवी. नवीन पिस्तूल ठरलं की मला कळवा, आधी काच करून घेऊ नका, असं त्यांना सांगितलं आहे.